टेंपो बदलतो तिथं काउंट-इन कुठल्या लयीत द्यायचं?

प्रश्न कोल्हापुरातल्याच एका पोराचा आहे. नवरात्राच्या तोंडावर तो अंबाबाईचं गोंधळ अंगाचं एक गाणं घरच्या सेटअपवर, रीपर या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करतोय. नमन ७२ च्या टेंपोवर (मिनिटाला ७२ ठोके) सुरू होतं, आठ बारमध्ये (चार ठोक्यांचा एक बार) चढत ८८ वर येतं आणि तिथून आठ मात्रांचा कहरवा. ‘उदो उदो’चा गजर झाला की ३३व्या बारला एकदम १३२. शेवटची दोन कडवी सहा मात्रांच्या दादऱ्यात. तक्रारी तीन आहेत. १३२ चा भाग संबळवाल्याकडून वेगळा वाजवून घेताना तो कर्सर ३२व्या बारवर ठेवतो. काउंट-इन, म्हणजे आधीची ठोक्यांची मोजणी, ८८ मध्ये येतं आणि गडी पहिले दोन-तीन ठोके चाचपडत मग लय धरतो. नमनात मधेच पंच केलं, म्हणजे मधलाच तुकडा नव्यानं वाजवून घेतला, की जोड कळतो. आणि दादऱ्याला ८८ टाकलं तर गाणं झोपतं. त्याचं म्हणणं, मेट्रोनोमचं सेटिंग कुठं चुकतंय?

सेटिंग फारसं चुकत नाही, भावा. कर्सर ३२व्या बारवर आहे, तिथं टेंपो ८८ आहे, म्हणून सॉफ्टवेअर ८८ मोजून देतंय. त्याला काय माहीत की संबळवाल्याचा हात ३३ला उठणार आहे. काउंट-इन कर्सरसाठी नसतं, वाजवणाऱ्यासाठी असतं. त्यामुळं ते त्याच्या पहिल्या ठोक्याच्या लयीत पाहिजे. कुठलंही सॉफ्टवेअर घे, हे ठरवायचं काम आपलंच. एकदा हे धरलं की तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या दिसायला लागतात, आणि तिन्हींचा इलाजही वेगवेगळा आहे.

आधी एक घोळ मिटवू. काउंट-इन आणि प्री-रोल या दोन गोष्टी आहेत आणि आपल्याकडं दोन्हींना सरसकट ‘काउंट’ म्हणतात. काउंट-इनमध्ये गाणं जागेवर थांबलेलं असतं, नुसते ठोके पडतात आणि मग गाणं चालू होतं. प्री-रोलमध्ये गाणं दोन-चार बार मागनं वाजत येतं, मागचे ट्रॅक ऐकू येतात, आणि ठरलेल्या जागी आपला माणूस शिरतो. रीपरमध्ये मेट्रोनोमच्या बटणावर राइट क्लिक केलंस की एकाच खिडकीत दोन्ही दिसतात, बारची संख्याही तिथंच. दोन्ही एकदम चालू ठेवून बसणारे लोक मी बघितलेत. मग आधी ठोके, मग गाणं, मग पुन्हा ‘आता मी कधी?’ असा चेहरा. एका वेळी एकच ठेव.

आता ३३व्या बारचं गणित. ६०,००० ला टेंपोनं भागलं की एका ठोक्याचे मिलिसेकंद निघतात. ८८ ला ठोका ६८२ मिलिसेकंदांचा, १३२ ला ४५५ चा. म्हणजे प्रत्येक ठोक्यामागं २२७ मिलिसेकंदांचा फरक. हा फरक कुणीही ‘अंदाजानं’ भरून काढत नाही. तुझा संबळवाला ८८ चे आठ ठोके अंगात मुरवून बसतो, आणि मग त्याला एका क्षणात दीडपट वेगानं हात टाकायला सांगतोस. तो दोन-तीन ठोक्यांत जागेवर येतो हीच त्याची हुशारी आहे. प्रत्यक्ष गोंधळात हे त्याला कधी जड जात नाही, कारण तिथं लय बदलायच्या आधी गोंधळी मान हलवतो, आवाज चढवतो, तुणतुणं आधीच घाईला आलेलं असतं. ख्यालाच्या मैफलीतही तेच. देवल क्लबात पुढच्या रांगेत बसून कधी बघ, लय वाढवायची असली की गवई आणि तबलजी यांच्यात ते आधी नजरेनं ठरतं, मग हातात येतं. हेडफोन लावून भिंतीकडं तोंड करून बसलेल्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. ते तुला ठोक्यांतनं द्यायचंय.

सगळ्यात सोपा उपाय तुला सुचला असेलच: कर्सर ३२ ऐवजी बरोबर ३३ वर, टेंपो मार्करच्या (टेंपो बदलाच्या खुणेच्या) डोक्यावर ठेवायचा. मग काउंट-इन १३२ मध्ये येईल. इथं एक बारीक गोष्ट बघ. मार्कर बारच्या रेषेवर अगदी बरोबर बसलेला पाहिजे आणि कर्सरही रेषेला चिकटून (स्नॅप होऊन) तिथंच. मार्कर हातानं ओढून ठेवला असेल तर तो रेषेच्या दहा-वीस मिलिसेकंद पुढं बसलेला असू शकतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण कर्सर बारच्या रेषेवर गेला की तो अजून जुन्या टेंपोच्या हद्दीतच असतो आणि काउंट-इन परत ८८ मध्ये येतं. लोक मग सॉफ्टवेअरला शिव्या देतात. झूम करून मार्करची जागा बघ, त्याच्यावर डबल क्लिक करून जागा आकड्यात तपास.

तुझं सॉफ्टवेअर नेमकं कुठला टेंपो धरतं हे तपासायला दोन मिनिटं लागतात. नवा रिकामा प्रोजेक्ट घे, पहिल्या बारला ६० आणि पाचव्या बारला १२० टाक. पाचव्यावर कर्सर ठेवून रेकॉर्ड दाब. ठोका सेकंदाला एक पडला तर ते मागचा टेंपो धरतंय, सेकंदाला दोन पडले तर पुढचा. मग हेच तिसऱ्या आणि चौथ्या बारवरनं कर. असे ढोबळ आकडे मुद्दाम घ्यायचे. ८८ आणि ९२ घेतलंस तर कानाला कळणार नाही. अपडेट आलं की मी ही चाचणी परत करतो.

क्यूबेस हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हा निर्णय सेटिंगमध्येच दिलेला असतो. तिथं प्रीकाउंटला तीन पर्याय आहेत. एकात सिग्नेचर ट्रॅक (बारात किती मात्रा ते) आणि टेंपो ट्रॅकवर त्या जागी जे लिहिलंय तेच मोजलं जातं, मधले टेंपो बदलही धरून. दुसऱ्यात रेकॉर्डिंग जिथं सुरू होतं तिथला टेंपो धरला जातो. तिसऱ्यात मात्रा आपण सांगायच्या, आणि टेंपो ट्रॅकवरच्या बदलांचा त्या मोजणीवर परिणाम होत नाही. तुझ्या ३३व्या बारला दुसरा पर्याय लागतो, नमनाला पहिला. म्हणजे एकाच गाण्यात दोनदा सेटिंग बदलायचं. तू रीपरवर आहेस, तेव्हा हे नुसतं माहितीसाठी. पण उद्या कुणाच्या स्टुडिओत गेलास तर विचारायचं काय ते माहीत असू दे.

तर, कर्सर बरोबर मार्करवर. लय बरोबर आली. आता दुसरी अडचण उभी राहते, आणि ही जास्त त्रासाची आहे. रेकॉर्डिंग समेवरच, म्हणजे बारच्या पहिल्या ठोक्यावरच, सुरू होतं. संबळाची काठी समेच्या आधी दहा-पंधरा मिलिसेकंद पडली, आणि तयारीचा माणूस जोशात असला की ती तशीच पडते, तर त्या ठोक्याचं तोंडच कापलं जातं. संबळात सगळा जीव त्या पहिल्या ‘टण्ण’मध्ये असतो. तो गेला की उरतो नुसता घुमारा. शिवाय समेआधी जी छोटीशी उठान घ्यायची सवय या लोकांना असते ती घ्यायला जागाच राहत नाही. क्यूबेसमध्ये रेकॉर्ड दाबायच्या आधीचे काही सेकंद राखून ठेवायची सोय आहे. पण एखाद्या सोयीवर गाणं टांगून ठेवण्यापेक्षा रेकॉर्डिंगच एक बार आधी सुरू व्हावं, आणि ठोके मात्र नव्या लयीत पडावेत, असं काहीतरी पाहिजे. नुसत्या काउंट-इनवर हे दोन्ही एकदम मिळेलच असं नाही. म्हणून माझ्याकडं टेंपो बदलणाऱ्या गाण्यांना काउंट-इन बंदच असतं. त्याच्या जागी गाइड क्लिकचा एक खराखुरा ट्रॅक असतो, गाण्याच्या आतच.

रीपरमध्ये तो असा होतो. नवा ट्रॅक घे, अख्ख्या गाण्याची टाइम सिलेक्शन कर, इन्सर्ट मेनूतून क्लिक सोर्स टाक. हा तुकडा टेंपो मार्करप्रमाणं आपोआप बदलतो. टेंपो नक्की झाल्यावर त्याला ग्लू करून ऑडिओ करून टाक, म्हणजे तो कापता-जोडता येतो. लॉजिक या सॉफ्टवेअरमध्ये मेट्रोनोमचा आवाज क्लॉपगाइस्ट नावाच्या इन्स्ट्रुमेंटमधनं येतो, तिथं त्याचाच ट्रॅक करून बाउन्स करतात, म्हणजे ऑडिओ काढतात. काम तेच.

आता ३२वा बार. तुझे दोन टेंपो योगायोगानं म्हण किंवा कानानं निवडलेस म्हण, ८८ आणि १३२ आहेत, म्हणजे बरोबर दीडपट. हे सोनं आहे. ८८ च्या प्रत्येक ठोक्याचे तीन भाग केले तर मिनिटाला २६४ भाग होतात. १३२ च्या ठोक्याचे दोन भाग केले तरी २६४. म्हणजे जुन्या लयीतला तिसरा भाग आणि नव्या लयीतला अर्धा भाग एकच. तबला शिकलेल्या कुणालाही हे आड लयीत (दीडपटीत) चटकन सापडतं. तुझा संबळवाला त्याला आड म्हणणार नाही, पण वाजवून दाखवेल.

म्हणून ३२व्या बारात ग्रिड (बारातल्या मापाच्या रेषा) आठव्याच्या ट्रिपलेटवर लाव, म्हणजे प्रत्येक ठोक्याचे तीन भाग दिसतील. चार ठोक्यांच्या बारात बारा खणं पडतील. नव्या लयीचे चार ठोके समेवर संपवायचे तर ते पाचव्या, सातव्या, नवव्या आणि अकराव्या खणावर बसतात, आणि तेरावा खण म्हणजे ३३ची सम. पडताळून बघायचं तर १३२ चे चार ठोके १.८१८ सेकंदांचे, ८८ चा बार २.७२७ सेकंदांचा. वजाबाकी ०.९०९ सेकंद, म्हणजे ८८ चा एक ठोका आणि वर त्याचा तिसरा भाग. तिथंच पाचवा खण सुरू होतो. त्या बारातले जुन्या लयीचे क्लिक पहिल्यानंतर काढून टाक. दुसरा ठेवलास तर तो चौथ्या खणावर, नव्या मोजणीच्या नाकाला लागून पडतो आणि ऐकणारा गोंधळतो. पहिला ठोका जुन्या आवाजात, मग क्षणभर मोकळी जागा, मग चार ठोके वेगळ्या आवाजात: वाजवणाऱ्याच्या कानात दार उघडल्यासारखं होतं. रेकॉर्डिंग ३१व्या बारापासनंच चालू असतं, त्यामुळं काठी आधी पडो की उठान येवो, सगळं टेपवर असतं. आपण अजून टेपच म्हणतो, चालू दे.

हा बदललेला क्लिक फक्त संबळवाल्याच्या हेडफोनला द्यायचा. गाणाऱ्याला ३२व्या बारात ‘उदो उदो’ जुन्या लयीत पूर्ण करायचं असतं. त्याच्या कानात १३२ पडलं तर गजर पळतो. दोन वेगळे मिक्स द्यायला तुझ्या इंटरफेसला दुसरा हेडफोन आउट नसेल तर दोघांना वेगवेगळं रेकॉर्ड कर, पण एकच क्लिक दोघांच्या डोक्यावर मारू नकोस.

टेंपोंचं नातं असं सोपं नसेल, समजा ८८ वरून १२० असेल, तर खणांच्या नादी लागू नकोस. १२० च्या चार ठोक्यांची दोन सेकंदांची एक क्लिप वेगळ्या प्रोजेक्टमध्ये करून आण आणि तिचा शेवट मार्करला चिकटव. सुरुवात ग्रिडवर कुठं का पडेना. मी अशा क्लिपांचा एक फोल्डर ठेवलाय, ६० पासून १६० पर्यंत. त्यात नुसता टिकटिक आवाज नाही, ‘एक, दोन, तीन, चार’ असं तोंडानं मोजलेलंही आहे. माणसाचा आवाज मशीनच्या ठोक्यापेक्षा चांगला लागतो, कारण ‘एक’ आणि ‘चार’ वेगळे ऐकू येतात. मशीनचे चार ठोके ऐकताना एखादा निसटला तर गडी एक ठोका आधी तरी शिरतो नाहीतर नंतर तरी.

नमनाचा चढ हा वेगळा प्रकार आहे. तिथं ७२ पासून ८८ पर्यंत आठ बारमध्ये सरळ चढ आहे. सरासरी ८०, म्हणजे ३२ ठोके बरोबर २४ सेकंदांत. इथं मधल्या कुठल्याही जागी काउंट-इन दिलंस तर ते खोटंच पडणार. चौथ्या बारवर टेंपो समज ७८-७९ आहे. काउंट-इन त्या आकड्यात एकसारखे चार ठोके देईल, पण तुझं गाणं त्या जागी एकसारखं नाहीच, ते धावायला लागलंय. वाजवणारा स्थिर लयीत शिरतो आणि गाणं त्याच्या हातातनं पुढं सरकतं. जोड ऐकू येतो तो यामुळं. क्रॉसफेडनं (दोन तुकडे एकमेकांत विरघळवून) हा जोड जात नाही. तू चार वेळा ओढून बघितलाच असशील.

इथं प्री-रोल पाहिजे, आणि तोही घसघशीत. दोन बार कमी पडतात, चार घे. माणसाला चढाचा वेग कळायला थोडं अंतर चालावं लागतं. पंचची जागा टाइम सिलेक्शननं बांध, रेकॉर्ड मोड टाइम सिलेक्शन ऑटो पंचवर ठेव, आणि वाजवणाऱ्याला सांग की पहिल्यापासनंच वाजवत ये, मी मधलंच घेणार आहे. त्याला पंच कुठं आहे हे सांगायचंच नाही. सांगितलं की नेमक्या त्या ठोक्याला हात आखडतो.

काहीजण चढाऐवजी पायऱ्या करतात: ७२, ७४, ७६ असं प्रत्येक बारला दोननं. गाइड म्हणून ते वाईट नाही, प्रत्येक बारचा आकडा पक्का असतो, कुठंही पंच करता येतं. पण ७२ वरून ७४ ला ठोका साडेबावीस मिलिसेकंदांनी लहान होतो आणि तो बारच्या पहिल्या ठोक्याला एकदम लहान होतो. हलगी किंवा संबळ असलं तर ती ठेच जाणवते. नुसता स्वरमंडळ आणि आवाज असला तर नाही. गोंधळाच्या गाण्याला मी पायऱ्या घालणार नाही.

खरं विचारशील तर नमन क्लिकवर घ्यायचंच कशाला? आधी गाणारा आणि संबळवाला समोरासमोर बसव, क्लिक बंद, दोघांना आपापल्या लयीनं चढू दे. चांगला टेक मिळाला की त्यावर टेंपो मॅप (कुठं कुठला टेंपो याचा आराखडा) बसव. रीपरमध्ये एका समेपासून पुढच्या समेपर्यंत टाइम सिलेक्शन करून त्यातनं एक बार तयार करता येतो. टेंपो तो स्वतः काढतो. असं समेसमेनं पुढं जायचं. प्रो टूल्समध्ये आयडेंटिफाय बीट आहे, लॉजिकमध्ये स्मार्ट टेंपो, क्यूबेसमध्ये टेंपो डिटेक्शन. आठ बारचं काम आहे, चहा निवायच्या आत होतं. आकडे ७२.४, ७३.९, ७३.१ असे वेडेवाकडे येतील. येऊ देत, ते सरळ करायला जाऊ नकोस. तो तिसरा बार किंचित मागं आला असेल तर तिथं गाणाऱ्यानं श्वास घेतलेला असतो.

मात्र हे करायच्या आधी एक काम न विसरता कर. त्या ऑडिओ क्लिपचा टाइमबेस (क्लिप कशाला बांधलीय ते सेटिंग) ‘टाइम’वर ठेव. तो ‘बीट्स’वर राहिला तर तू टाकलेल्या प्रत्येक मार्करबरोबर आवाज सरकणार नाहीतर ताणला जाणार, आणि आपण मॅप गाण्यावर बसवतोय की गाणं मॅपवर, हेच कळेनासं होणार.

बाकीचे वादक नंतर या मॅपवर येतील. त्यांना काउंट म्हणून क्लिकपेक्षा आधीच्या दोन आवर्तनांचा खरा संबळच ऐकव, वर हवं तर तोंडी मोजणी. टाळवाल्याला आणि तुणतुण्याला क्लिकशी काही देणंघेणं नसतं, त्यांना संबळ पाहिजे.

आता दादरा. इथं तुझा काउंट-इनचा प्रश्नच नाही, आकड्याचा आहे. मेल्झेलनं १८१५ मध्ये मेट्रोनोमचं पेटंट घेतलं तेव्हापासून पाश्चात्त्य स्वरलिपीत आकड्याशेजारी स्वराचं चिन्ह लिहितात, म्हणजे मिनिटाला ८८ काय, ते कळतं. सॉफ्टवेअरच्या टेंपोच्या खिडकीत ते चिन्ह बहुधा नसतं. आकडा पाव स्वराचा (क्वार्टर नोटचा) धरलेला असतो. तू सहा-आठ (६/८, बारात सहा आठवे स्वर) लावून ८८ टाकलंस. ८८ पाव स्वर म्हणजे १७६ आठवे, आणि दादऱ्याच्या सहा मात्रा तू आठव्यात मोजतोस. तीन-तीन मात्रांचा एक झोका धरला तर मिनिटाला ५९ च्या आसपासच झोके. गाणं झोपणार नाही तर काय.

तुला झोका ८८ चा पाहिजे. मग मात्रा ८८ गुणिले ३, म्हणजे २६४, आणि पाव स्वर त्याचा निम्मा: १३२. म्हणजे आकडा बदलायचाच नाही! १३२ तसाच ठेव, फक्त मार्करवर चार-चारच्या जागी सहा-आठ कर. कहरव्यातली प्रत्येक मात्रा आणि दादऱ्यातली प्रत्येक मात्रा एकाच वेगाची राहते, फक्त आधी ती दोन-दोननं ऐकू येत होती, आता तीन-तीननं. ऐकणाऱ्याला वाटतं गाणं परत आधीच्या ठाय लयीत आलं, कारण झोका परत ८८ वर आलाय. चाल ज्यानं बांधली त्याला हे आकडे माहीत नसतील पण कान पक्का आहे.

दादऱ्यात काउंट-इन द्यायचं झालं तर रीपर सहाही मात्रा वाजवेल, २६४ च्या वेगानं. एक बार म्हणजे जेमतेम १.३६ सेकंद, मशीनगन. त्यात कुणालाही लय सापडत नाही. गाइड ट्रॅकवर फक्त पहिली आणि चौथी मात्रा ठेव, ‘धा’ची आणि दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीची, आणि दोन आवर्तनं दे. चार ठोके होतात, ८८ च्या चालीचे. पहिली जाड आवाजात, चौथी बारीक.

गाण्याची सुरुवात तू पहिल्या बारापासून केलीयस, तेही बदल. त्याच्या मागं काही नसल्यामुळं प्री-रोलला जागाच नाही, आणि मुखडा समेच्या आधी उचलायचा असेल तर तो टाइमलाइनच्या बाहेर पडतो. गाण्याच्या आधी चार बार रिकामे घाल. रीपरमध्ये टाइम सिलेक्शन करून रिकामी जागा घालायचा पर्याय इन्सर्टमध्येच आहे. टेंपो मार्कर बरोबर सरकलेत ना, ते लगेच बघ. तुझा ३३वा बार मग ३७वा होईल, वहीतले आकडे त्याप्रमाणं बदलून घे.

क्लिकचा आवाज कुठला, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, खरं तर आधी विचारायला पाहिजे. संबळाची लहान बाजू आणि हलगी दोन्ही उंच, तीक्ष्ण. त्यांच्या खाली रीपरचा नेहमीचा बीप साफ गडप होतो, मग वादक ‘वाढव, वाढव’ म्हणतो आणि शेवटी तो बीप गाणाऱ्याच्या माइकमध्ये उतरतो. आवाज वाढवण्याऐवजी जात बदल: जाडसर, खालच्या पट्टीचा, लाकडी ठोका घे. बंद पाठीचे हेडफोन घे. ब्लूटूथचा हेडफोन या कामाला चालत नाही. त्याचा उशीर सहज शंभर मिलिसेकंदांच्या वर जातो, आणि मग आपण वर केलेलं सगळं ट्रिपलेटचं गणित पंचगंगेत.

बफर (सॉफ्टवेअर एका वेळी हाताळतं तेवढा आवाजाचा तुकडा) रेकॉर्डिंगच्या वेळी लहान ठेव. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पल म्हणजे साडेपाच मिलिसेकंदांच्या आत, ते ठीक. मिक्सच्या वेळी वाढव.

गाणं मिक्सला पुण्या-मुंबईला पाठवणार असशील तर सगळे ट्रॅक पहिल्या बारापासून, एकाच लांबीचे काढ आणि सोबत टेंपो मॅप असलेली मिडी फाइल दे. रीपरमध्ये प्रोजेक्ट मिडी एक्स्पोर्ट करताना टेंपो मॅप आत घालायची खूण असते. नाहीतर तिकडचा माणूस सगळं १२० वर उघडतो आणि त्याचे डिले, रिव्हर्ब भलत्याच लयीत फिरतात. गाइड क्लिकही पाठव, पण फाइलच्या नावातच ‘गाइड, मिक्समध्ये नाही’ असं लिही.